वाटीने दिलेली संमती

माझ्या नोकरीच्या दिवसांतून आज माझ्याजवळ दोनच वस्तू उरल्या आहेत: तांबड्या कापडाच्या बांधणीची एक वही आणि संध्येची तांब्याची पळी. "तुमच्या कचेरीतले चार गमतीचे प्रसंग आमच्या वाचकांना सांगा," असा या अंकाच्या संपादकांनी प्रेमळ आग्रह केला, तेव्हा मी ती वही काढून बसलो. गमतीचे प्रसंग तिच्यात पुष्कळ आहेत. परंतु पाने उलटता उलटता एका इंग्रजी शब्दापाशी हात थबकला, आणि पूर्वी ज्या दिवशी तो तिथेच थबकला होता त्या दिवसाचा धक्का जसाच्या तसा अंगावर आला. वाटले, गमती सांगणारे पुष्कळ आहेत. आपण हे सांगावे.

निजामाच्या राजवटीची अखेरची वर्षे ज्यांनी पाहिली नाहीत, त्यांना मुतर्जिम म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. सरकारी कारभार उर्दूत चाले आणि रयत मराठीत जगे. या दोन काठांमधला नावाडी तो मुतर्जिम, म्हणजे दुभाषी. हाकिमाचा उर्दू प्रश्न माणसाला मराठीत विचारायचा, माणसाचे मराठी उत्तर हाकिमाला उर्दूत सांगायचे, आणि शेवटी कागदाच्या तळाशी "समक्ष ऐकले, तर्जुमा बरोबर आहे" असे लिहून सही करायची. त्या सहीवाचून कागद पुढे सरकत नसे. हुद्दा लहान, पण अख्खी कचेरी आपल्या जिभेवरून ये-जा करते, ही जाणीव मनातल्या मनात सुखावणारी होती.

माझे शिक्षण नांदेडला गोदावरीच्या काठी पाठशाळेत झाले. व्याकरण आणि धर्मशास्त्र गुरुजींच्या पायाशी बसून शिकलो. उर्दू शिकलो ती पोटासाठी, एका वृद्ध मौलवीसाहेबांकडे. परंतु पोटासाठी पत्करलेल्या भाषेवरही माणसाचे प्रेम बसते, तसे माझे बसले. नांदेडच्या अदालतीत उमेदवारी करीत असताना तिथल्या जुन्या मुतर्जिमांनी मला एक मंत्र दिला: "शास्त्रीबुवा, आपल्याला जीभ आहे, मत नाही." तो मंत्र मी फार निष्ठेने जपला.

उमेदवारीतलीच एक आठवण. हदगावकडचा एक शेतकरी साक्षीला आला होता. वादीच्या वकिलाने जे जे विचारले त्याला तो "हाव" म्हणाला. मग प्रतिवादीचा वकील उठला. त्याने नेमके उलटे विचारले. त्यालाही हा "हाव". मी दोन्ही वेळा इमानेइतबारे "जी हां" असा तर्जुमा केला. हाकिमांचा चेहरा लाल झाला. "विचारा त्याला, दोन्ही पक्षांचे कबूल कसे करतो?"

मी विचारले. साक्षीदार भाबडेपणाने माझ्याकडे बघत राहिला. "महाराज, कबूल म्या कवा केलो? ते बोलून राहिले, म्या ऐकून राहिलो. कुनी बोलत आसंल तं मदीमदी हाव म्हनाव लागते ना? न्हाई तं बोलनाऱ्याले वाटंल, ह्यो झोपला."

सारी अदालत हसली, हाकिम हसले, मीही हसलो. होकारासारखे ऐकू येणारे सारेच काही होकार नसते, हा धडा त्या माणसाने मला फुकट दिला होता. मी तो गंमत म्हणून वहीत टिपला आणि विसरून गेलो.

वही हा माझा एकमेव छंद. प्रत्येक पानावर तीन रकाने: पहिल्यात शब्दाचा अर्थ, दुसऱ्यात त्याचे मूळ, तिसऱ्यात त्याचे विरुद्धार्थी शब्द. शब्दाच्या समोरच्या काठावर काय आहे हे कळल्यावाचून शब्द कळला असे समजू नये, अशी गुरुजींची शिकवण होती. संस्कृत, मराठी, उर्दू शब्दांनी ती वही भरत होती. इंग्रजी शब्द तीत शिरले ते माझी लातूर भागात बदली झाल्यावर.

ती कचेरी रजिस्ट्रीची होती. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. खरेदीखते, वाटणीपत्रे, दत्तकपत्रे यांची नोंद तिथे होई. आमचे साहेब हैदराबादेहून आलेले, मितभाषी, नमाजाचे पक्के आणि इंग्रजी कायद्याचे अभ्यासी. ते बोलत उर्दूत. येथे बहुतेक ठिकाणी मी त्यांचे बोलणे मराठीतच देतो, जुनी सवय म्हणा. उर्दू कागदाच्या समासात ते निळ्या पेन्सिलीने बारीक इंग्रजी अक्षरांत शेरे लिहीत. एकदा एका कागदाच्या समासात त्यांनी एकच शब्द लिहून पुढे प्रश्नचिन्ह केले होते. हा शब्द कोणता, असे मी विचारले.

"कन्सेंट," साहेब म्हणाले. "रजामंदी. तुम्ही संमती म्हणता, तीच."

मी मूळ विचारले. त्या प्रश्नाचा त्यांना फार आनंद झाला. लॅटिन म्हणून एक जुनी भाषा आहे, तिच्यात या शब्दाचे दोन तुकडे पडतात, असे त्यांनी सांगितले. एकाचा अर्थ 'बरोबर', दुसऱ्याचा 'जाणवणे'. दोघांना एकच गोष्ट आतून बरोबरीने जाणवणे, ती कन्सेंट.

त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आमच्या संमतीत एकत्र येऊन मनन करणे आहे. रजामंदीच्या मुळाशी प्रसन्न होणे आहे. आणि या परक्या शब्दात बरोबरीने जाणवणे. एका गावाला तीन वाटांनी पोचावे तसे हे तीन शब्द. पहिला रकाना भरला, दुसरा भरला. तिसऱ्यात मी बेधडक लिहिले: नकार, इन्कार, विमती. शाई वाळण्यापूर्वीच त्या पानाचा मला अभिमान वाटू लागला.

आता माझ्या दुसऱ्या अभिमानाची गोष्ट. घरंदाज बायका कचेरीत येत नसत. त्यांचा कागद असला की साहेब त्यांच्या घरी जात. दाराला पडदा लावला जाई. बाई आत, साहेब आणि घरचे पुरुष बाहेर. आत जाऊन बाईची ओळख पटवणे आणि तिचा अंगठा घेणे हे काम हलिमाबीचे. हलिमाबी गावातली वयस्क सुईण. पंचक्रोशीतली निम्मी लेकरे तिच्या हातची, त्यामुळे तिला कोणतेही माजघर परके नव्हते. अडचण एवढीच, की सासऱ्यादिरांच्या देखत परपुरुषाच्या कानी पडेल असे बोलणे सुनांना वर्ज्य. प्रश्न विचारावा आणि पडदा गप्प. दोन प्रहर असे निघून जात.

त्यावर तोडगा मी काढला. बाई सधवा असेल तर तिने होकारासाठी बांगड्या वाजवाव्यात. विधवेच्या हाती बांगड्या नसतात. तिच्यापुढे पितळी वाटी ठेवावी, तिने ती वाजवावी. साहेब "वाह, शास्त्रीजी!" म्हणाले, आणि वाटी कचेरीच्या सामानात जमा झाली.

"आणि वाजवलीच नाही तर?" साहेबांनी त्या वेळी विचारले होते.

"मौन हे संमतीचे लक्षण, असे आमच्याकडे मानतात," मी म्हणालो. कारकुनाने ते नियमासारखे टिपून घेतले. माझ्या मते प्रश्न मिटला होता.

मारुती चपराशाच्या मते तो मिटला नव्हता. दौऱ्यावर निघताना वाटी फडक्यात बांधता बांधता तो म्हणाला, "शास्त्रीबुवा, वाजली तरी राजी, न्हाई वाजली तरी राजी. मग ही वाटी आपण वाहायलाव कशापायी?"

"तुला नाही कळायचे," मी म्हणालो. हलिमाबी पदर तोंडाला लावून हसली. मी हसलो. मारुतीही हसला.

ज्या प्रसंगासाठी हे सारे सांगितले तो औशाजवळच्या एका गावातला. शेतीवाडीचे मातब्बर घर. कर्ते बापूराव, साठी उलटलेले, भारदस्त आणि जिभेवर साखर असलेले. त्यांचा धाकटा मुलगा तापाने वारला होता. मागे त्याची विधवा सुभद्रा, विशीतली, आणि तिचा एकुलता एक मुलगा बाळू, नुकते तिसरे वर्ष लागलेला. बापूरावांच्या चुलतघरी, तिकडे हदगावला, इस्टेट मोठी होती आणि वंश नव्हता. बाळूला तिकडे दत्तक द्यायचे असे पुरुषमंडळींनी ठरवले. मुलाचा बाप हयात नसल्यामुळे देण्याचा अधिकार आईचा; म्हणून साहेबांसमोर सुभद्रेची संमती हवी होती.

एकुलता एक मुलगा दत्तक देऊ नये असे आमचे शास्त्र सांगते. व्यवहारात लोकांनी त्यातूनही वाटा काढल्या होत्या. तरी शास्त्र ते शास्त्र. ते माझ्या ओठांपर्यंत आले. पण मला जीभ होती, मत नव्हते.

माजघराच्या दाराला जाड पडदा लावलेला. बैठकीत साहेब, बापूराव आणि मुलाला न्यायला आलेले हदगावचे दोघे पाहुणे. हलिमाबी आत गेली; आत सुभद्रेजवळ सासूबाई होत्या. मारुतीने फडके सोडले. वाटी होती, परंतु ती वाजवायची लाकडी दांडी कचेरीतच राहिली होती. बापूराव चुळबुळ करू लागले. "मुहूर्त टळायलाय, शास्त्रीबुवा." मी माझ्या संध्येच्या पिशवीतून पळी काढून दिली. कामासाठी सोवळ्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, याचेही मला मनातून थोडे कौतुकच वाटले.

दत्तकपत्र मी मराठीत स्वच्छ वाचून दाखवले. मग साहेबांनी तीन प्रश्न विचारले आणि मी ते एकेक करून पडद्याला विचारले.

"बाई, आपण सुभद्राबाई, बापूरावांच्या धाकट्या सूनबाई?"

टण्.

"हे पत्र वाचले ते आपल्याला समजले?"

थोडे थांबून, टण्.

"आपला मुलगा बाळू यास आपण राजीखुशीने, कोणाच्याही दडपणावाचून, दत्तक देता?"

आवाज आला नाही. बाहेर सोडलेल्या बैलांच्या घुंगरमाळा तेवढ्या ऐकू येत होत्या. साहेबांनी लेखणी दौतीत बुडवून हातात धरली होती. तिच्या टोकाशी शाईचा थेंब जमत होता. बापूरावांनी घसा खाकरला. मी प्रश्न पुन्हा विचारला.

टण्. आणि लगोलग, टण् टण्.

बापूराव खळखळून हसले. "बघा साहेब! एकदा मागितली, तीनदा दिली. लई राजी हाय सून आमची."

साहेबही हसले आणि त्यांनी लिहिले. हलिमाबी अंगठ्याचा कागद घेऊन बाहेर आली. मी वाटी आणि पळी परत घेतली. पेढे वाटले गेले. माझ्याही हातावर एक पडला आणि मी तो खाल्ला. हे लिहिताना लाज वाटते. पण खाल्ला, म्हणून लिहितो.

परतताना साहेबांचा टांगा पुढे निघून गेला. मागच्या बैलगाडीत मी, मारुती आणि हलिमाबी. ऊन कलले होते. माझे चित्त प्रसन्न होते.

"हलिमाबी, किती झटपट झाले पाहा," मी म्हणालो.

ती पान चघळत होती. "हौ पंडतजी. बच्चा होशियार है. एक बार देखा, सीख लिया."

"काय शिकला?"

"वाटी बजाने कू." तिने पिंक टाकली. "अम्मा दो बार बजाई ना, उने गोद में बैठ के देखता था. तीसरी बार अम्मा पळी नीचे रख दी. उने उठा लिया, और टण्! अम्मा हाथ पकडने तक दो बार और बजा दिया. हंसता था."

मला अर्थ लागायला वेळ लागला. ज्याचा जन्म अर्थ लावण्यात गेला, त्या मला.

"आणि सुभद्राबाई? त्यांनी नाही वाजवली?"

"उनो?" हलिमाबीने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून दाखवले. "ऐसे बैठे थे, पंडतजी. आवाज नक्को निकलना बोलके. सास बोली थी ना, राजी है तो बजा, नहीं तो चुप बैठ. उनो चुप बैठे."

 मी म्हणालो, "अहो, मग तुम्ही तिथेच का सांगितले नाही? अंगठा कसा घेतलात?"

ती खरोखरीच चकित होऊन माझ्याकडे बघू लागली. "मैं समझी, तुमकू मालूम है. तुमच तो बोले थे ना पंडतजी, बजाए तो भी राजी, चुप रहे तो भी राजी. फिर मैं क्या बोलती? अंगूठा मैंच पकड के लगाई. लकडी के सरीका था. ठंडा."

मारुती बैलांकडे तोंड करून बसला होता. तो वळला नाही. "मी तेच म्हणलो होतो, शास्त्रीबुवा," तो हळूच म्हणाला. "पर चेष्टेनं म्हणलो होतो."

या वेळी कोणीही हसले नाही.

त्या माउलीने नकार दिला होता. तिला जो एक मार्ग आम्ही ठेवला होता त्या मार्गाने, हात काखेत गाडून, श्वास रोखून तिने नकार दिला होता. आणि तिच्या मांडीवरच्या लेकराने खेळता खेळता स्वतःलाच देऊन टाकले होते. त्याने वाटी वाजवली नसती तरी काय झाले असते? आम्ही थोडा वेळ थांबलो असतो आणि मी म्हणालो असतो, मौन हे संमतीचे लक्षण. या विचाराने मला दुसरा धक्का बसला, तो पहिल्याहून मोठा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी संध्येला बसलो. आचमनासाठी पळी उचलली, ती पंचपात्राच्या काठाला लागली. टण्. केशवाचे नाव ओठांवर आले आणि तिथेच थांबले. मुंज झाल्यापासून माझी संध्या कधी मोडली नव्हती. त्या दिवशी मोडली.

मी वेळेच्या आधी कचेरीत गेलो आणि अशा घरगुती साक्षींच्या जुन्या कागदांचा बस्ता सोडला. मला एकच कागद हवा होता, ज्यावर पडद्याआडच्या बाईने नाही म्हटल्याची नोंद आहे. फक्त एक. कागद संपले. एकही नव्हता. एवढ्या घरांतल्या एवढ्या बायका, कोणी शेत सोडले, कोणी घरातला वाटा सोडला, आणि एकीलाही एकदाही नाही म्हणावेसे वाटले नाही? हे मला आजवर खटकले कसे नाही? प्रत्येक कागदाच्या तळाशी माझे वळणदार अक्षर होते: समक्ष ऐकले, तर्जुमा बरोबर आहे.

साहेब आले. त्यांनी सुभद्रेचा कागद माझ्यापुढे सरकवला. माझी सही राहिली होती.

"साहेब, ही सही मला करता येत नाही," मी म्हणालो. "जे ऐकले ते त्या बाईचे नव्हते." आणि सारी हकीकत सांगितली.

साहेबांनी निळी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी अचानक विचारले, "तुमच्या त्या वहीत कन्सेंटच्या विरुद्ध काय लिहिले आहे?"

"नकार."

"काट दीजिए," ते म्हणाले. "इनकार की गुंजाइश न हो, तो इकरार कैसा?"

जिला नाही म्हणायला जागा नाही, तिच्या हो म्हणण्याला काय अर्थ, असा त्याचा भाव. नकाराला मी होकाराचा वैरी समजत होतो. तो तर त्याचा सख्खा भाऊ निघाला. मी वही उघडून त्यांच्यासमोरच तिसरा रकाना खोडला. त्यात पुढे मी काहीच लिहिले नाही.

"बापूरावांचा हात लांबवर पोचतो," साहेब उठता उठता म्हणाले. "तुम्हालाही भोवेल, मलाही. पण त्या वाटीला 'वाह' मीच म्हटले होते, शास्त्रीजी. चला."

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. बैठकीत पाय ठेवताच घर रिकामे वाटले. बाळू नव्हता. हदगावच्या पाहुण्यांनी त्याला त्याच संध्याकाळी नेले होते. कागद पुरा झालेला नाही, सही झालेली नाही, आणि मूल गेलेसुद्धा! मी बापूरावांकडे पाहिले.

"असं काय बघायलाव, शास्त्रीबुवा?" बापूराव शांतपणे म्हणाले. "तुम्हीच तर विचारलाव. वाटी तुमची. पळी बी तुमचीच."

 

साहेबांनी घरातल्या पुरुषांना आणि सासूबाईंना अंगणापलीकडे जायला सांगितले. "माझ्याच घरातून मला बाहेर काढायलाव?" बापूरावांचा आवाज चढला. साहेब तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "आपण गेल्याशिवाय मी दौत उघडणार नाही." ते गेले. हलिमाबी आत, साहेब आणि मी बाहेर.

मी पडद्यापाशी बसलो. "बाई, आज भांडे आणलेले नाही. आज तुमचा आवाज लागेल. हवा तेवढा वेळ घ्या. हो म्हणालात तर हो लिहू, नाही म्हणालात तर नाही लिहू. आणि गप्प राहिलात, तर गप्प राहिल्या असेच लिहू."

किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग पडद्यामागून आवाज आला. बोलायची सवय मोडलेल्या गळ्यातून निघावा तसा, खरखरीत.

"न्हाई."

आणि थोड्या वेळाने, "न्हाई दिलं म्या. परवा बी दिलं नव्हतं. त्यानं वाजवली. त्याला काय कळतंय?" मग तो आवाज फुटला. "माझं लेकरू आणा."

"कहती हैं, नहीं," मी साहेबांना सांगितले. एवढाच तर्जुमा. छापील कागदावर होकारासाठी ओळ आखलेली होती. नकाराला जागा नव्हती. साहेबांनी तो समासात लिहिला, शाईने, मोठ्या अक्षरांत.

दत्तकपत्र रद्द झाले. पण रद्द कागद एका क्षणात होतो, मूल परत यायला वेळ लागतो. साहेबांनी नांदेडला पत्र लिहिले, नांदेडहून हदगावला हुकूम गेला, हदगावहून सबबी आल्या. तिकडे बापूरावांनी सुभद्रेला घराबाहेर काढले; ती मुरुडला माहेरी भावाकडे राहू लागली. साहेबांची बदली दूर तेलंगणात झाली. जाताना त्यांनी हे एक प्रकरण आपल्या जागी आलेल्या साहेबांच्या हाती स्वतः दिले. माझी बढती त्यानंतर कधी झाली नाही. तिची खंत मी केली नाही. पेरणीच्या दिवसांत गेलेले मूल कापूस वेचणीला आला तेव्हा परत आले.

त्याला मुरुडला पोचवायला मारुती आणि मी गेलो. आईकडून पोच घ्यायची होती. कचेरीने ती आधीच लिहून दिली होती. सुभद्रेच्या भावाच्या अंगणात गाडी थांबली. मारुतीने बाळूला खाली उतरवले. डोक्याला जरीची टोपी, पायांत कातडी बूट, अंगाने भरलेला. तिसऱ्या वर्षात सहा महिने म्हणजे केवढा काळ! तो मारुतीचे धोतर मुठीत धरून उभा राहिला.

सुभद्रा घरातून बाहेर आली. मी तिला प्रथमच पाहत होतो. मी मान वळवणार होतो, पण तिचे आमच्याकडे लक्षच नव्हते. चार हातांवर ती थांबली आणि जमिनीवर उकिडवी बसली.

"येतोस का माझ्याकडं?" तिने विचारले.

मूल बोलले नाही. ते तिच्याकडे नुसते बघत राहिले.

भावाला राहवले नाही. "अगं घे की उचलून! गप हाय म्हंजे राजी हाय."

तिने मागे वळूनही पाहिले नाही. "गप हाय म्हंजे गपच हाय," ती म्हणाली. "थांब जरा."

 सहा महिने जिचे हात रिकामे होते, आणि जिने ते उचलले असते तर देवाने किंवा माणसाने दोष दिला नसता, ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली होती. मला जे शास्त्राने सांगितले नाही, तीन भाषांनी सांगितले नाही, ते ही अक्षरशत्रू बाई अंगणातल्या मातीत बसून करीत होती.

ऊन अंगणाच्या मध्यावरून कुडाकडे सरकले. मारुती पुटपुटला, "शास्त्रीबुवा, बैलं खोळंबलीत."

"खोळंबू देत."

कधीतरी बाळूने धोतर सोडले. दोन पावले टाकली. थांबला, वळून मारुतीकडे पाहिले, पुन्हा पुढे पाहिले. मग आणखी दोन पावले. तिच्या गुडघ्यावर त्याने हात ठेवला. तेव्हा, आणि तेव्हाच, तिने आपले हात उचलले.

पुष्कळ वेळाने मी पोचपावतीचा कागद काढला. त्यावर लिहिलेले होते: मुलगा मिळाला. रिवाजाप्रमाणे मी ते वाचून विचारले, "बाई, मुलगा मिळाला?"

त्याच्या टोपीखालून केस मोकळे करीत ती म्हणाली, "आला."

मी कागदावरचा 'मिळाला' खोडला आणि तिचा शब्द लिहिला. मग खाली सही केली: समक्ष ऐकले, तर्जुमा बरोबर आहे.